दिवाळसण आणि बाटली

जावई दिवाळसणाला यायचा म्हटले की सासऱ्याने काय काय तयारी करावी, याची यादी आमच्या घरात पूर्वापार चालत आलेली आहे. अंगठी, पोशाख, उटणे, चांदीचे एखादे भांडे. गेल्या दिवाळीत त्या यादीत एक जिन्नस वाढला. बिअर.

दचकू नका, मीही दचकलो होतो. आमच्या हिने लेकीला फोनवर सहज विचारले, "जावईबापूंना काय आवडतं गं?" लेक म्हणाली, "आई, दूध, तूप, मध तो घेत नाही हे तुला ठाऊकच आहे. व्हीगन आहे ना तो. बाकी कसली खोड नाही. कधीमधी बिअर घेतो, पण हलकी. छोट्या, स्वतंत्र कारखान्यातली, निसर्गाला न ओरबाडता केलेली. आणि तीही व्हीगनच लागते." तुपाविना बेसनाचे लाडू कसे वळावेत या विवंचनेत ही आधीच आठ दिवस होती. बिअरचे खाते तिने तिथल्या तिथे माझ्याकडे वर्ग केले.

मी निवृत्त शाळामास्तर. या जन्मात सोड्याच्या बाटलीपलीकडे गेलेलो नाही. पण विषय दिला की अभ्यास करायचा, ही सवय जात नाही. जव भिजवून मोड आणायचे, वाळवून दळायचे, उकळायचे, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले घालायची आणि यीस्टवर आंबवायचे, एवढीच जर बिअर, तर तिच्यात प्राणी आला कुठून? तो येतो गाळणीच्या वेळी. गढूळ बिअर नितळ व्हावी म्हणून माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेला चिकट पदार्थ पिंपात घालायची विलायतेतली जुनी रीत आहे. त्याला धरून गाळ तळाशी बसतो. आयर्लंडच्या गिनेससारख्या बड्या कारखान्याने ही रीत सोडायचे जाहीर केले ते २०१५ साली! (आपल्या किनाऱ्यावर घोळ माशाला सोन्याचा भाव येतो तोही मुख्यतः त्याच्या पोटातल्या याच पिशवीमुळे.) शिवाय काही काळ्या बिअरमध्ये दुधाची साखर असते, काहींत मध. गंमत अशी की, गाळणीला वापरलेली वस्तू लेबलावरच्या घटकांत लिहिलेली असेलच असे नाही. तेव्हा उपाय दोनच. बिअर न गाळता तशीच गढूळ विकतात ती घ्यावी, नाहीतर करणाऱ्याला सरळ विचारावे. छोट्या कारखान्यांचा उपयोग इथे होतो, कारण तिथे विचारायला माणूस सापडतो. पुण्यात २००९ साली डूलाली निघाली, आणि तेव्हापासून अशा छोट्या भट्ट्यांचे पेव पुण्यामुंबईत फुटले आहे. लातुरात मात्र ती हवा पोचलेली नाही.

तरी एका दुकानात गेलो. आजूबाजूला माझा कुणी जुना विद्यार्थी नाही ना, हे दोनदा पाहिले. गल्ल्यावरच्या पोराने पुढे केलेल्या सगळ्या बाटल्या 'स्ट्राँग'. आपल्याकडच्या नियमाने पाच टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बिअर सौम्य आणि त्यावर आठपर्यंतची तीव्र. मी म्हणालो, "पाचच्या खालची दाखव, आणि जिच्यात मासा नाही अशी." पोराने माझ्याकडे असे काही पाहिले की, मी घरूनच घेऊन आलो आहे अशी त्याची खात्री पटली असावी. मग म्हणाला, "काका, परवाना आहे का?" आपल्या राज्यात पिण्यालाही परवाना लागतो, आणि एका दिवसाचासुद्धा मिळतो. त्याने पुस्तक पुढे सरकवले. "पूर्ण नाव लिहा."

पूर्ण नाव म्हणजे मध्ये वडिलांचे नाव.

लेखणी तिथे अडली. १९४७-४८ साली हैदराबाद संस्थानात स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा चालू होता. निजामाच्या खजिन्यात अबकारीचा पैसा मोठा होता. तो तोडायचा म्हणून स्टेट काँग्रेसने शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम दिला. आमचे वडील तेव्हा अठराएक वर्षांचे. रात्री कुऱ्हाड घेऊन निघत आणि पहाटेपूर्वी परतत. तळहातावरचा एक व्रण ते आम्हा मुलांना आयुष्यभर दाखवीत आले. त्या माणसाचे नाव या पुस्तकात लिहायचे? "पाकीट घरी राहिलं," असे पुटपुटून मी पायऱ्या उतरलो.

रात्री नांदेडला व्याह्यांना फोन लावला. ते मूळचे देगलूरकडचे, तेलंगणाच्या सीमेवरचे, मोकळा माणूस. पोट धरून हसले. म्हणाले, "गुरुजी, कशाला हिंडायलात? हलकी, जनावराचा स्पर्श नसलेली, कारखान्याबिगरची पाहिजे ना? आमच्याकडं शिंदी होतीच की!" खरेच आहे. संध्याकाळी झाडाला मडके बांधावे, सूर्योदयापूर्वी उतरवावे. आत चुना लावलेला असेल तर ती गोड नीरा. नसेल तर हवेतल्याच यीस्टने आंबून दुपारपर्यंत तिची बिअरइतकी शिंदी होते. ना कोळसा, ना बाटली. पण व्याहीच पुढे गंभीर झाले. "आता मात्र मी कुणाला घ्या म्हणणार नाही. झाडं राहिली थोडी, गिऱ्हाइकं फार. मग पाणी घालतात आणि नशेसाठी क्लोरल हायड्रेट. माणसाला त्याची अशी सवय लागते की एक दिवस मिळालं नाही तर भ्रमिष्ट होतो." आदल्याच जुलैत, २०२५ मध्ये, हैदराबादच्या कुकटपल्लीत भेसळीच्या ताडीने माणसे दगावली होती. म्हणजे 'नैसर्गिक' हा शब्दही विचारल्याशिवाय विश्वासाचा नाही.

जावई आले. अभ्यंगस्नान झाले, तेलातले लाडू झाले (वाईट नव्हते, हिच्यापाशी बोलू नका). रात्री गच्चीवर आम्ही दोघेच होतो, तेव्हा मी पराभव कबूल केला. ते ओशाळले. "अहो बाबा, हिने उगाच सांगितलं. मला इथं काही नको होतं." मग आपण पुण्यात बिअर कशी निवडतो हे त्यांनी उत्साहाने सांगितले. धान्य कुठले, गाळतात कशाने, टक्के किती, मालक कोण.

मी विचारले, "आणि पाणी?"

ते थांबले. मी म्हणालो, माझ्या वाचनात असे आले की चांगला चालवलेला मोठा कारखाना एक लिटर बिअरला तीन-चार लिटर पाणी घेतो. छोट्याला बहुधा त्याहून पुष्कळ जास्त लागते, कारण माल थोडा झाला तरी पिंपे आणि नळ्या तेवढ्याच धुवाव्या लागतात. छोटे म्हणजे निसर्गाला सोयीचेच, हे गृहीत धरता येत नाही.

जावई बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "२०१६ साली मी इथंच होतो, बाबा. बारावीच्या क्लासला." मला ते ठाऊक नव्हते. लातूर पॅटर्नसाठी नांदेडहून आलेले पोर! मांजरा धरण कोरडे पडलेले, पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणे होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावलेले, आणि १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन आलेली ती पहिली रेल्वे. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य आणि बिअरच्या कारखान्यांचे पाणी तोडायला सांगितले, आणि १० मेपासून ती कपात साठ टक्क्यांवर नेली. "खोलीवरची आम्ही चौघं पोरं एका बादलीत भागवायचो," जावई म्हणाले. "आणि पुण्यात गेल्यावर हे मी एकदाही विचारलं नाही बघा."

त्यांनी तिथूनच मोबाईलवर आपल्या आवडीच्या भट्टीला प्रश्न पाठवला. उत्तर चार दिवसांनी, ते पुण्याला परतल्यावर आले. एका लिटरला सात लिटर. धुण्याचे पाणी पुन्हा वापरायची सोय आता करत आहोत, म्हणून. आकडा सांगितला हे मला आवडले. जावई अजून तीच घेतात, पण पूर्वी महिन्यात चारदा घेत, आता एकदा, असे लेक सांगते.

डिसेंबरात येळवशीला दोघे पुन्हा आले. शेतात कोप घातली, पांडव मांडले, भज्जी आणि उंडे झाले. आमच्याकडे ज्वारीची आंबील ताकातली असते. हिने यंदा आदल्या रात्री एका लहान बिंदग्यात ज्वारीचे पीठ नुसत्या पाण्यात आंबवून ठेवले होते, आणि वर खडूने खूण केली होती, चुकून दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून. जावयांनी दोन पेले घेतले, आणि तिसरा मागितला.