जिवंत मोरीचे मोल

निपाणीहून फोंडा घाटाने देवगडकडे आणि बेळगावहून आंबोलीमार्गे मालवणकडे जाणारा पर्यटकांचा ओघ नवा नाही. पूर्वी सिंधुदुर्ग किल्ला पाहून व मासळीचे जेवण करून मंडळी परतत. आता पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरणे, म्हणजेच स्कुबा डायव्हिंग, हा सहलीचा मुख्य हेतू होऊ लागला आहे. कर्नाटकाच्या बाजूस मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेटही याच कारणाने प्रसिद्धीस आले. सीमाभागातील तरुणांच्या या साहसाचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु चित्रफितींत दिसणारे शार्कचे थवे किंवा पंख पसरून तरंगणारी अजस्र पाकटे मालवणच्या उथळ पाण्यात सहसा भेटत नाहीत. मोठा मासा भेटतो तो बाजारात! आपण ज्याला मोरी किंवा मुशी म्हणतो, तोच हा शार्क. सकाळी त्याच्या दर्शनाच्या आशेने बुडी मारणारा पर्यटक दुपारी मोरीचे मटण मागवतो, यातील विसंगती कोणाच्या ध्यानातही येत नाही. गोवा, कारवार व मालवणची मासळी घाट चढून बेळगावच्या बाजारातही येते; तेव्हा समुद्र दूर असला तरी जबाबदारी दूर नाही.

मोरी म्हणजे बांगडा नव्हे. बांगडा हजारो अंडी घालतो; मोरी उशिरा वयात येते व मोजकीच पिल्ले देते. मांटा जातीचे पाकट तर एका वेळी बहुधा एकाच पिल्लाला जन्म देते. त्यामुळे एकदा ओरबाडलेली ही संपत्ती लवकर भरून येत नाही. १९७० नंतरच्या अर्धशतकात खुल्या महासागरातील शार्क व पाकटे ७१ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पलाऊ या चिमुकल्या राष्ट्राने २००९ मध्ये आपला समुद्र शार्कसाठी अभयारण्य म्हणून घोषित केला. तेथील एक शार्क आयुष्यभरात पर्यटनातून सुमारे १९ लाख डॉलर मिळवून देतो, तर मारून विकल्यास जेमतेम १०८ डॉलर, असा हिशेब ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांनी २०११ मध्ये मांडला. शेजारच्या मालदीवने २०१० मध्ये शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली. हे शहाणपण आपणांस परवडणार नाही काय?

मात्र त्याचा भार एकट्या मच्छीमाराच्या शिरावर टाकणे अन्यायाचे होईल. १९८७ मध्ये मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला तो पोटापायीच. व्हेल शार्कला २००१ पासून कायद्याचे संरक्षण आहे. पण गुजरातच्या किनाऱ्यावर शेकडो व्हेल शार्क जाळ्यांतून सुटले, ते कायद्याला लोकशिक्षणाची व नुकसानभरपाईची जोड मिळाली म्हणून. महाराष्ट्रातही २०१८ पासून संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळे कापणाऱ्यास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आहे. मोरीच्या बहुतेक जाती मात्र या छत्राबाहेर आहेत.

म्हणून आमची सूचना साधी आहे. बुडी मारण्याच्या शुल्कातील ठरावीक वाटा मच्छीमारांच्या निधीत जावा व त्यातून मोरीची पिल्ले सोडून देणाऱ्यास मोबदला मिळावा. घाटमाथ्यावरील ग्राहकानेही कोवळ्या मोरीचा हट्ट सोडावा. समुद्र पाहण्याची हौस आपली आणि तो राखण्याची किंमत मात्र कोळ्याने मोजावी, हा न्याय नव्हे.