फेस वजा जाता

मी बँकेत कारकून आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत, ‘असोसिएट’ म्हणतात. पगार मात्र कारकुनाचाच आहे. बी. कॉम. झाल्यापासून बावीस वर्षं मी दुसऱ्यांचे पैसे मोजतो आहे. या बावीस वर्षांत एकच विद्या हाताला लागली. मोजून घ्यावं आणि मोजून द्यावं. संध्याकाळी कॅश जुळवताना दहा रुपये कमी भरले तर ते माझ्या खिशातून जातात. ‘साहेब, दहा रुपयांचा फेस होता, तो खाली बसला,’ असं मॅनेजरला सांगण्याची सोय आमच्या धंद्यात नाही.

ती सोय ज्या धंद्यात आहे, त्याबद्दल माझी तक्रार आहे.

मी राहतो बजाजनगरात. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग आमची वस्ती वाढली. औद्योगिक वसाहतीत स्कूटरचे सुटे भाग होतात, औषधं होतात आणि बिअरही होते. बिअर मुबलक आणि पाणी मोजकं, असा आमच्या पंचक्रोशीचा लौकिक आहे. त्यामुळे पातळ पदार्थ मोजण्याच्या बाबतीत आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही तज्ज्ञ असतं. जायकवाडीचं पाणी धरणात असतं तेव्हा टीएमसीत मोजतात, कारखान्यात शिरताना मीटरवर मोजतात, आणि आमच्या दारात टँकर आला की ड्रमवर मोजतात. २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं त्या साली, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्याच्या कारखान्यांचं पाणी कापलं. १० मेपासून तर साठ टक्के. कोर्टानेसुद्धा ‘जरा बेताने वापरा’ असं मोघम सांगितलं नाही. टक्के सांगितले.

त्या पाण्याची पुढे बिअर झाली की तिच्या लिटरालिटराचा हिशेब उत्पादन शुल्क खातं ठेवतं. बाटलीवर ६५० मि.ली. छापलेलं असतं, शेजारी किंमत. मोहटादेवी चौकातून घरी जाताना मी महिन्यातून एकदा (सौ.च्या हिशेबाने दोनदा) एका परमिट रूममध्ये टेकतो. तिथला वेटर बाटली आधी दाखवतो, हात लावून गार आहे का बघायला सांगतो, आपल्यासमोर टोपण उडवतो आणि ग्लास तिरका धरून ओततो. राहिलेली बाटली टेबलावरच ठेवतो. म्हणजे काय प्यायलो आणि काय शिल्लक आहे, याचं पासबुक डोळ्यांसमोर. शेजारच्या टेबलावरचे व्हिस्कीवाले तर गणितात आमच्यापेक्षा पुढे. शाळेत ज्यांना तीसचा पाढा कधी आला नाही, ते गृहस्थ तीस, साठ, नव्वद, एकशेऐंशी असं बिनचूक म्हणतात. कारण तिथे प्रत्येक थेंब मापातून येतो.

अशा सुसंस्कृत वातावरणात वाढलेला मी गेल्या वर्षी बँकेच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला गेलो. प्रशिक्षणाचा विषय होता, ‘ग्राहकाचे फसवणुकीपासून संरक्षण’. दिवसभर ते संरक्षण ऐकलं आणि संध्याकाळी भाचा न्यायला आला. भाचा हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत आहे. “मामा,” तो म्हणाला, “आज तुम्हाला खरी बिअर पाजतो. क्राफ्ट. रेअर.”

पुण्याला हा नाद लागून बरीच वर्षं झाली. २००९ साली तिथे ‘डूलॅली’ निघालं, तेव्हापासून जागच्या जागी बिअर गाळून ताजी ताजी देण्याची रीत आपल्याकडे रुळली. ही रीत मला मनापासून आवडते. डेअरीसमोर उभं राहून धारोष्ण दूध प्यावं, तसंच ते. आम्ही गेलो ती जागा मात्र दुसरी होती; नाव सांगत नाही, कारण माझं भांडण पाटीशी नाही, ग्लासाशी आहे.

आत भिंतीला ओळीने नळ होते. आमच्याकडे नळाला पाणी आलं की बाया एकमेकींना हाका मारतात. इथे नळाला बिअर होती आणि कोणीही घागर घेऊन उभं नव्हतं. वर काळा फळा. त्यावर खडूने बिअरचं नाव, तिच्यात दारू किती टक्के, हॉप्स न्यूझीलंडचे, कडूपणा ६५. होय, कडूपणाचासुद्धा आकडा असतो! मी थक्क झालो. आमच्या घरी कारल्याच्या भाजीचा आकडा कोणी काढलेला नाही. फळ्याच्या शेवटी किंमत, ६५० रुपये. कुठल्या मुलुखातून काय आलं, किती कडू आहे, किती चढेल, सगळं लिहिलं होतं. फक्त किती मिळेल, एवढंच लिहिलं नव्हतं.

मी विचारलं, “किती मिली?”

भाच्याने मान खाली घातली. ऑर्डर घ्यायला आलेला मुलगा मला नवखा समजून हसला. “सर, ही स्निफ्टरमध्ये येते.”

“कशातही येऊ दे. येते किती?”

तो आत जाऊन विचारून आला. “तीनशे, सर.”

तीनशे आले. म्हणजे ग्लास आला. पोटाशी फुगलेला, तोंडाशी आवळलेला, चंबूच्या घराण्यातला. त्याचा वरचा तिसरा हिस्सा पांढराशुभ्र होता. बँकेच्या भाषेत सांगायचं तर फेस म्हणजे क्लीअरिंगला टाकलेला चेक. खात्यात दिसतो, पण काढायला जावं तर शिल्लक नाही. आम्ही दोघांनी पहिले ग्लास संपवले. बिअर उत्तम होती, हे प्रांजळपणे नोंदवतो. संत्र्याच्या सालीसारखा वास, नंतर कडवटपणा, आणि त्या कडवटपणात बिलाचा वाटा नव्हता. बिल अजून यायचं होतं. पण पाच घोटांत संपली. तीनशे मिलीचे पाच घोट घ्यायला माणूस अगस्ती ऋषींच्या गोत्रातला हवा. मी नाही.

दुसरे ग्लास आले तेव्हा माझी नजर भाच्याच्या पिशवीवर गेली. त्याची मुलगी सहा महिन्यांची आहे. सूनबाईंनी सांगितलेली दुधाची बाटली त्याने येता येता घेतली होती. नवी कोरी, खोक्यातली, अडीचशे मिलीची, अंगावर दहा-दहा मिलीच्या रेघा. मी ती उघडली.

“मामा, नको,” भाचा म्हणाला. “प्लीज.”

पण माझ्यातला कारकून जागा झाला होता. ऑडिटात आम्ही याला नमुना तपासणी म्हणतो. माझा ग्लास मी अलगद बाटलीत रिकामा केला आणि फेस बसेपर्यंत दहा मिनिटं थांबलो. रेघ दिसली. २१०.

टिशू पेपरवर आकडेमोड केली. साडेसहाशे भागिले २१० म्हणजे मिलीला तीन रुपये दहा पैसे, किंचित कमी. या दराने आमच्या वाळूजची एक मोठी बाटली दोन हजार बारा रुपयांना पडेल. हेही मी सोडून देतो. दर हा ज्याचा त्याचा. हॉटेलवाल्याने छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तरी चालेल, असं सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ ला पाण्याच्या बाटलीच्या बाबतीत सांगून टाकलं आहे. बसायला खुर्ची आहे, गार हवा आहे, तिचेही पैसे आहेत. मान्य. पण किंमत वाढवायला मुभा आहे म्हणजे बाटली अर्धी करायला मुभा आहे, असं कुठल्याही न्यायमूर्तींनी म्हटलेलं माझ्या वाचनात नाही. तीनशेत नव्वद कमी म्हणजे तीस टक्के. ग्लासामागे १९५ रुपये. चार ग्लासांचे ७८०. वर दहा टक्के व्हॅट. १ नोव्हेंबर २०२३ पासून पाचाचे दहा झाले आहेत. तो पूर्ण २६०० रुपयांवर, पैशापर्यंत बरोबर. म्हणजे ७८ रुपये कर मी निव्वळ फेसावर भरला! हवेवर कर बसवण्याची कल्पना अजून सरकारला सुचलेली नाही असं मी समजत होतो.

व्यवस्थापकांना बोलावलं. काळा शर्ट, बारीक दाढी, अतिशय गोड बोलणं. दुधाची बाटली बघून ते जरा दचकले, पण सावरले. “सर, फेस हा अनुभवाचा भाग आहे. सुगंध त्यातच असतो.”

हे खरंच आहे. बिनफेसाची बिअर म्हणजे विझलेला सोडा. पण मग फेसाला जागा वेगळी द्या ना! जर्मनीत ग्लासाच्या अंगावर रेघ असते. बिअर रेघेपर्यंत आणि फेस रेघेच्या वर, ज्याचं घर त्याला. तरीही म्यूनिकमध्ये फसव्या ओतणीविरुद्ध लोकांनी १९७० साली रीतसर संघटना उभी केली आणि ती उत्सवातल्या लिटरच्या मगांवर डोळा ठेवून असते. इंग्लंडात पिंट म्हणजे ५६८ मिली, ग्लासावर सरकारी छाप. तिथेही १९७१ साली निघालेली ‘कॅमरा’ नावाची पिणाऱ्यांची संघटना पुऱ्या मापासाठी भांडत आली आहे. अमेरिकेत पिंट ४७३ ची. आपल्याकडे पिंट म्हणून ३३० ची बाटली मिळते. माणूस जसजसा पूर्वेकडे येतो तसतशी पिंट आटत जाते असं नव्हे, अमेरिका पश्चिमेलाच आहे. पण आकडा ठरलेला आहे आणि तो गिऱ्हाइकाला ठाऊक आहे, हे महत्त्वाचं.

“शिवाय हे क्राफ्ट आहे, सर. कला आहे.”

आता पैठण बजाजनगरापासून दीड तासाच्या आत. पैठणीपेक्षा मोठं क्राफ्ट मला ठाऊक नाही. लाखाची पैठणी असो, ती सहावारी की नऊवारी हे दुकानदार आधी सांगतो. ‘कला आहे, वहिनी, साडेचार वारांतच अनुभव घ्या,’ असं म्हणाला तर वहिनी त्याला तो अनुभव तिथल्या तिथे देतील.

“आणि रेअर आहे. आमच्याकडे एकच पिंप आलं होतं.”

इथे मात्र माझा आवाज चढला. दुर्मीळ आहे म्हणूनच मोजायचं असतं! भुसाराचा काटा दुकानाच्या दारात असतो, सोनाराचा काचेच्या पेटीत. केशर महाग असतं, पण केशरवाला ग्रॅम सांगतो. आमच्याकडे मे महिन्यात पाण्याइतकं दुर्मीळ काही नसतं; तरी टँकरवाला ड्रम काठोकाठ भरून देतो, कारण दोन बोटं कमी भरला तर त्याला पुढच्या गल्लीत जाता येत नाही. दहा-अकरा टक्क्यांची जड बिअर लहान ग्लासात द्यावी, हेही मला पटतं. माझ्यासारख्याला ती तीनशे मिली देऊच नये. दीडशे द्या. शंभर द्या. फक्त फळ्यावर लिहा. कडूपणाच्या आकड्यासाठी खडू पुरतो, तर मिलीसाठी का संपतो? २००९ चा वैध मापन कायदा आहे. त्याच्या अकराव्या कलमात भाव प्रमाणित एककात सांगावा असं आहे. ‘एक ग्लास’ ही संख्याच आहे असा वकिली मुद्दा कोणी काढेलही. मग मुंगीही एक आणि हत्तीही एक. दारोदार जाणाऱ्या दूधवाल्याच्या मापावर शिक्का लागतो आणि साडेसहाशेच्या ग्लासाला साधी रेघ नाही, यात गरिबाला एक माप आणि श्रीमंताला दुसरं, असं काहीतरी आहे. आणि या खेपेला गंडतोय तो पैसेवाला, म्हणून कोणाला दया येत नाही. तो स्वतः तर लाजेनेच विचारत नाही. भाच्यासारखा. महिना लाखभर मिळवणारा मुलगा, पण ‘किती मिली’ विचारायला त्याची जीभ रेटत नव्हती. या धंद्याचं खरं भांडवल ती लाज आहे.

हे मी बहुधा मोठ्याने बोललो. कारण शेजारच्या टेबलावरचा एक पोनीटेलवाला मुलगा उठून आला. मला वाटलं, आता हा समज देणार.

“अंकल,” तो हळूच म्हणाला, “ती बाटली दोन मिनिटं देता?”

त्यांची निघाली २२५. खिडकीशेजारच्या दोघींची १९०. कोपऱ्यातल्या टेबलावर २४० निघाली तेव्हा तिथे चक्क टाळ्या झाल्या. बाटली हातोहात फिरत होती, लोक मोबाइलचा उजेड पाडून रेघ वाचत होते, आणि व्यवस्थापक नळाजवळ उभे राहून पोराला दबक्या आवाजात ‘फुल भर, फुल भर’ सांगत होते. आमचे ग्लास त्यांनी न मागता भरून पाठवले. काठोकाठ. थोडी टेबलावरही सांडली.

बिल भाच्याने दिलं. रिक्षात तो एक शब्द बोलला नाही.

घरी गेल्यावर मी बाटली साबणाने दोनदा धुतली, उकळत्या पाण्यात ठेवली आणि खोक्यात घालून सूनबाईंच्या हाती दिली. त्यांनी झाकण उघडलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघितलं.

“मामा, ह्याला कसला हो वास येतोय?”

“न्यूझीलंडचा,” मी म्हणालो.