झाडीचा मांडव आणि पडद्यावरचे लग्न

1929 साली कोल्हापुरात स्थापन झालेली ‘प्रभात’ ही चित्रपटसंस्था 1933 मध्ये पुण्यास गेली, आणि मराठी चित्रसृष्टीचे दफ्तर पुढेही कोल्हापूर, पुणे व मुंबई या मुलखातच राहिल्यामुळे पडद्यावरची नवरी नथ, पैठणी आणि मोत्यांच्या मुंडावळ्या यांच्याविना आम्हांस क्वचितच दिसली. त्या वेषाविषयी मला आदरच आहे. परंतु आमच्या झाडीपट्टीतल्या गोंदिया जिल्ह्यातील लग्नाचे निराळेपण वेषाहून अधिक आवाजात आहे.

आदल्या दिवशी बैलगाडीतून जांभळीचे डगाले येतात, मांडवावर ते रचले जात असता ओल्या पानांचा तुरट गंध अंगणभर पसरतो, आणि वैशाखाच्या उन्हाने ती पाने चुरचुरू लागेपर्यंत नवरीला हळद लागलेली असते. गोंडांच्या मांडवात मोहाचा खांब रोवतात, कित्येक ठिकाणी नवरीकडचेच वऱ्हाड नवरदेवाच्या दारी जाते, आणि सासऱ्याच्या शेतात राबून मुलगी मिळवण्याच्या ‘लमसेना’ या रिवाजाची नोंद रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात दाखल आहे. पटकथाकाराला याहून समृद्ध सामग्री कोणती हवी?

या साऱ्या विधींना गाण्याने बांधून ठेवतात त्या बायाच, कुठे झाडीबोलीत, कुठे पोवारीत, कुठे गोंडीत. मराठीची आद्य कवयित्री महदंबा हिचे तेराव्या शतकातील ‘धवळे’ म्हणजे विदर्भातल्याच रिद्धपूरची लग्नगीते होत, हे ध्यानी घेतले म्हणजे मांडवातील स्त्रीच्या या अधिकाराची प्राचीनता कळते. गेल्या वैशाखात एका मांडवात ध्वनिक्षेपकावर चित्रपटातले गाणे सुरू होताच, हळदीचे ताट हाती असलेल्या एका वृद्ध मावशीने अर्ध्यावर आलेली ओळ तशीच सोडून दिली. तिला कोणी गप्प केले नव्हते. ते पाहून मला झालेले दुःख अद्याप ओसरलेले नाही.

2022 च्या ‘झॉलीवूड’ या चित्रपटाने झाडीपट्टीची रंगभूमी पडद्यावर आणली, आता झाडीपट्टीच्या मांडवाचीही पाळी यावी. वडशाच्या नाटक मंडळ्यांत झाडीबोली सहज बोलणारे नट आहेत, आणि गाणाऱ्या बाया आमगाव, सालेकसा, देवरी तालुक्यांत अजून आहेत, त्यांना त्यांच्याच आवाजात गाऊ द्यावे, वर पार्श्वगायिकेचा गळा चढवू नये. चित्रपटकारांनी चैत्र-वैशाखात अवश्य यावे, आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याने तर कॅमेऱ्याच्याही आधी, कारण जात्यावर हळद दळायला पहाटेच सुरुवात होते.