झाकणाचं कौतुक पुरे!

लेन्सचं झाकण जिवापाड जपणारी माणसं मला कळतच नाहीत. अंबरनाथच्या शिवमंदिरात (शके ९८२ म्हणजे इ.स. १०६०चं बरं का) एखादे गृहस्थ हमखास भेटतात. झाकण काढलं, फोटो घेतला, झाकण लावलं. दोन पावलं, पुन्हा तेच. तोवर कोरीवकामावरचं तिरकं ऊन सरकलेलं!

लोकलच्या गर्दीत झाकण हवंच. पण स्टेशनाबाहेर पडलात की ते खिशात टाका आणि हूड लावा. धक्का तो स्वतःवर घेतो, वर आडवा प्रकाशही अडवतो.

धूळ म्हणाल तर थोडीशी फोटोत दिसतसुद्धा नाही. वाट लागते ती शर्टाच्या टोकाने पुसल्यावर. आधी ब्लोअरने उडवा की राव!

आपल्याकडचा खरा शत्रू बुरशी. बदलापूरच्या पावसाळ्यात चपला, पट्टे, पापड काही सुटत नाही, लेन्स कशी सुटेल? झाकण लावून, चामडी केसमध्ये घालून कपाटात ठेवलेली तर आधी जाते. अंधार, दमट हवा, वापर नाही... अजून काय हवं बुरशीला?

उल्हासनगरच्या एका दुकानदाराने माझ्या आतेभावाच्या गळ्यात यूव्ही फिल्टर मारला. आता लेन्सला काही होत नाही म्हणे! बुरशी आतल्या काचांवर धरते, तिला पुढचा फिल्टर काय अडवणार? हवाबंद डबा आणि सिलिका जेल याबद्दल मात्र अवाक्षर नाही. त्यात नफा तो काय?

असो. आत्या, कपाटातली ती केस आजच उघड, लेन्स उजेडाकडे धरून आत बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर लगेच फोन कर.