लहान आतड्याचे उघडे दार



पावसाळा सुरू झाला, की घरोघरी जुलाबाच्या तक्रारी वाढतात. मूल चार-पाच वेळा पातळ शौचास गेले, की एखादे वडीलधारे माणूस सांगते, ‘‘आता पोटाला विसावा द्या, पाणी पाजू नका, पाजलेले सगळे बाहेरच पडते.’’ हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो, परंतु तो जिवावर बेतू शकतो. त्याचे कारण लहान आतड्याच्या कार्यात आहे.

जठरातून अर्धवट पचलेले अन्न लहान आतड्यात उतरते. तेथे पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा रस त्यात मिसळतो. आतड्याच्या अस्तरावर मखमलीसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. पचलेले अन्न त्यांतून शरीरात शोषले जाते. पाण्याचेही तसेच. प्यायलेले पाणी आणि पाचकरस मिळून प्रौढ माणसाच्या आतड्यात दिवसाकाठी 8 ते 9 लिटर द्रव येतो; त्यातील बहुतांश लहान आतडेच शोषून घेते.

जुलाबात हे गणित बिघडते; शोषण घटते, उलट पाणी व क्षार बाहेर झिरपतात. तरीही एक दार बहुधा उघडे राहते. साखरेतील ग्लुकोज आणि मिठातील सोडियम एकत्र आले, की पेशी त्यांना जोडीनेच आत घेतात आणि त्यांच्यामागून पाणी आत जाते. 1971 मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावरील मीठ-साखरेचे द्रावण पाजून असंख्य रुग्ण वाचविले.

आपल्या जिल्ह्यातही हे ज्ञान घरोघरी पोहोचले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेथे तयार झालेल्या ग्राम आरोग्यसेविकांनी, ज्यांतील अनेकींना अक्षरओळखही नव्हती, हे द्रावण घरीच करण्यास आयांना शिकविले.

ओआरएसची पुडी घरात ठेवावी. ती नसेल, तर उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात चहाचे सपाट 6 चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवावे. प्रमाण वाढवू नये. जादा साखरेने जुलाब वाढतात, जादा मीठ अपायकारक ठरते. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलास 50 ते 100 मिलिलिटर, मोठ्या मुलास 100 ते 200 मिलिलिटर घोट-घोट द्यावे. स्तनपान व नेहमीचा आहार चालू ठेवावा. झिंकच्या गोळ्यांबाबत डॉक्टरांना विचारावे.

या द्रावणाने जुलाब लगेच थांबत नाहीत, हे ध्यानात असू द्यावे. ते शरीरातील पाणी राखते. मूल सुस्तावले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसले किंवा पाजलेले सारे उलटून पडू लागले, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे, आणि वाटेतही घोट-घोट पाजत राहावे.