रेक्टरी हवी म्हणे!

जेन ऑस्टेनच्या कादंबरीवरचा सिनेमा पाहिला की आमच्या टीममधलं कोणीतरी हमखास उसासा टाकतं, "काय राव, असं घर पाहिजे!" बाग, विटांच्या भिंती, एका ओळीत उंच खिडक्या... इंग्लंडच्या खेड्यातली रेक्टरी. मला जाम चीड येते. अरे, रेक्टरी म्हणजे पाद्र्याचं क्वार्टर! नोकरी आहे तोवर छप्पर. खुद्द जेनचे वडील १८०१ मध्ये निवृत्त झाले आणि तिला स्टीव्हन्टनची रेक्टरी, जिथे ती जन्मली ती, सोडावी लागली.

लिंकनशरमधल्या एपवर्थची रेक्टरी घ्या. जुनं घर लाकडी सांगाड्याचं, वर गवताचं छप्पर. फेब्रुवारी १७०९ मध्ये एका रात्रीत खाक! पाच वर्षांच्या जॉन वेस्लीला (मेथडिस्ट चळवळवाला तोच) लोकांनी एकमेकांच्या खांद्यावर चढून खिडकीतून बाहेर काढलं. नंतर उभं राहिलं ते विटांचं घर. जाणकार म्हणतात, क्वीन ॲन शैली, समतोल, डौल वगैरे. मान्य, देखणं आहे. पण ही वीट नुसती शैली नाही हो, पोळलेल्या माणसाचं शहाणपण आहे.

आणि पैसे कोणाचे? रेक्टर सॅम्युएल वेस्लीचे. हा गृहस्थ १७०५ मध्ये कर्जापायी लिंकनच्या किल्ल्यात तुरुंगवास भोगून आलेला. त्यानं स्वतःच्या खिशातून बांधलं, पण घर त्याचं नव्हतंच, पुढच्या रेक्टरचं!

तो लंडनला गेला असताना बायको सुझॅना रविवारी संध्याकाळी घरातच गावकऱ्यांना प्रवचनं वाचून दाखवायची. दोनशेवर माणसं जमायची म्हणे. माझ्या मते त्या वास्तूचं सार्थक तिनं केलं. नवरा १७३५ मध्ये वारला आणि तिलाच बाहेर पडावं लागलं. पुढचं आयुष्य मुलांच्या आसऱ्यानं. आपण ईएमआयला शिव्या घालतो, पण हप्ते फिटले की दार आपलं असतं ना?

आज तिथे म्युझियम आहे. जरूर बघा, खिडक्याही मोजा. पण घर कोणी बांधलं, कोणी चालवलं आणि कोणाला सोडावं लागलं हे न विचारता नुसत्या दर्शनी भिंतीचं कौतुक करणं म्हणजे स्क्रीनशॉट बघून सॉफ्टवेअरला पास करणं. तसलं टेस्टिंग आपण ऑफिसात खपवून घेतो का? मग इथे का?

असो. टीममध्ये आता कोणी उसासा टाकला, तर ही पोस्ट पाठवणार आहे.