शेवट असलेला गेम मुलांच्या हाती द्या

मी मुळशी तालुक्यातल्या पौडला संगणकाचा वर्ग चालवते. एमएस-सीआयटीला येणारी दहावी-बारावीची मुलं, पिरंगुटच्या कारखान्यांत पाळ्या करणारे तरुण, टॅली शिकायला येणाऱ्या बायका, असे सगळे माझ्याकडे येतात. त्यांच्याबरोबर घराघरांतली एकच तक्रारही येते : पोरगं रात्रंदिवस मोबाइलवर गेम खेळतं. ‘मॅडम, हे बंद कसं करायचं?’ असं आईबाप विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. बंद करू नका, बदला. ज्याला शेवट आहे असा गेम द्या. आणि एखादाच भाग नको, अख्खी मालिका द्या, पहिल्या भागापासून क्रमाने.

मुलांच्या हातात आज जे आहे ते संपतच नाही. शंभर जण बेटावर उतरतात, एक उरतो आणि लगेच पुढची फेरी सुरू होते. रोज हजेरी लावली की बक्षीस, थोड्या आठवड्यांनी नवा सीझन, नवे कपडे, बंदुकीला नवा रंग, आणि त्यासाठी पैसे. पब्जी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय नावाने त्याचा भारतीय अवतार आला, २०२२ मध्ये तोही दुकानांतून काढला गेला, २०२३ मध्ये परत आला. या काळात माझ्या वर्गातल्या मुलांचं खेळणं तसूभरही कमी झालं नाही. एक गेला की तसाच दुसरा सापडत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला. तो हवाच होता. पण मुलाने काय खेळू नये एवढंच कायदा सांगू शकतो. काय खेळावं, हे घरातल्याच कुणीतरी सांगायला हवं.

मी सांगते : ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’पासून सुरुवात करा.

नव्वदच्या दशकात मी पुण्याला डॉस शिकायला जायचे, तेव्हा क्लासच्या मशीनवर हा गेम असायचा. तळघरात कैद झालेला पांढऱ्या कपड्यांतला एक मुलगा, वर महालात वाळूच्या घड्याळासमोर उभी असलेली राजकन्या, आणि हातात फक्त ६० मिनिटं. बारा लेव्हल. फरशी पायाखालून निसटते, जमिनीतून सुळे वर येतात, दार उघडायचं बटण नेमकं दुसऱ्या टोकाला असतं. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने तो ॲपल टू संगणकासाठी जवळजवळ एकट्याने लिहिला. १९८९ साली तो बाजारात आला. धावताना-उडी मारताना त्या मुलाचं अंग इतकं खरं वाटतं, कारण मेकनरने आपल्या धाकट्या भावाला मोकळ्या जागेत पळायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेक चौकट हाताने उतरवली. संगीत वडिलांचं. म्हणजे अख्खं घर त्या गेममध्ये उतरलेलं आहे.

त्यातली एक गोष्ट मी दर बॅचला सांगते. काम संपत आलं तेव्हा मशीनची मेमरीच संपली होती. नवा शत्रू काढायला जागा नव्हती. मग राजपुत्राच्याच आकृतीवरून त्याची सावली तयार केली गेली, तिला जागा जवळजवळ लागत नव्हती. चौथ्या लेव्हलला वाटेत आरसा येतो. त्यातून उडी मारली की ती सावली बाहेर पडते, आणि पुढे सगळीकडे नडते. तुमच्या वाट्याचं औषध पिऊन टाकते, दार लावून घेते, तुम्हाला खाली पाडते. बाराव्या लेव्हलला ती तलवार घेऊन समोर उभी राहते. तिच्यावर वार केला की जखम तुम्हाला होते. मुलं चिडून वार करत राहतात आणि मरत राहतात. उपाय एकच : तलवार म्यानात घालायची. मग दोघं एकमेकांकडे चालत येतात आणि एक होतात. त्यानंतर जिथे पोकळी दिसते तिथे पाऊल टाकावं लागतं, आणि पायाखाली फरशा उमटत जातात.

तलवार म्यानात घालायची ही युक्ती मात्र मी मुलांना सांगत नाही. ज्याची त्याला सापडायला हवी.

आता हीच मालिका पुढे नेऊ. १९९३ चा दुसरा भाग पहिल्याच्या वळणावर जातो, पण जास्त कठीण आहे. ज्याला पहिला आवडला त्याला तो पेलवेल. १९९९ चा तिसरा भाग मात्र मी खुशाल सोडून द्यायला सांगते. हालचाली अडखळतात, कॅमेरा नको तिकडे वळतो. क्रमाने खेळायचं याचा अर्थ नापास भागावर महिने घालवायचे असा होत नाही. खरा ऐवज २००३ च्या ‘सँड्स ऑफ टाइम’मध्ये आहे. त्याची सुरुवात हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या महालावरच्या हल्ल्याने होते. पर्शियाचा राजपुत्र तिथून एक खंजीर लुटून नेतो, आणि एका वजिराच्या बोलण्याला भुलून वाळूचं घड्याळ उघडतो. सगळं शहर राक्षसांनी भरून जातं. त्याच्या जोडीला उरते ती फराह, त्याच महाराजाची मुलगी, हातात धनुष्य घेतलेली. त्या खंजिरात काळ मागे नेण्याची ताकद आहे. उडी चुकली की बटण दाबायचं, आणि राजपुत्र पडला तसाच उलटा वर येतो. पण वाळू मोजकी असते, म्हणून प्रत्येक चुकीचा विचार करावा लागतो. सगळी गोष्ट राजपुत्र स्वतः सांगतो आहे. मध्येच तुम्ही मेलात तर तोच आवाज म्हणतो की छे, असं नव्हतं झालं, आणि पुन्हा मागून सुरू करतो. आजी गोष्ट सांगताना चुकली की थांबून मागे जायची, अगदी तसंच. तो हे कुणाला सांगतो आहे, ते शेवटी कळतं, आणि कळल्यावर मी कितीतरी वेळ पडद्यासमोरून उठले नव्हते.

२००४ चा ‘वॉरियर विदिन’ मला मनापासून आवडत नाही. राजपुत्र रागीट झाला आहे, रक्त फार आहे, संगीत कर्कश आहे. मेकनरचा त्यात हात नव्हता आणि त्यातली हिंसा आपल्याला आवडली नसल्याचं त्याने उघडपणे सांगितलंही. वेष्टनावर सतरा वर्षांवरच्यांसाठी असं लिहिलेलं आहे, ते पाळा. २००५ च्या ‘द टू थ्रोन्स’लाही तोच शिक्का आहे, म्हणून शाळकरी मुलांनी ‘सँड्स ऑफ टाइम’पाशी थांबून बाकीचे दोन मोठं झाल्यावर खेळावेत. पण मोठ्यांनी तिन्ही खेळावेत, आणि याच क्रमाने. काळाशी केलेल्या खेळाची किंमत राजपुत्र ‘वॉरियर विदिन’मध्ये मोजतो. ‘द टू थ्रोन्स’मध्ये तो बाबिलोनला घरी परततो, तेव्हा त्याच्या आत एक काळा राजपुत्र वाढू लागलेला असतो. सतत कानात बोलणारा, चिथावणारा, कधीकधी शरीराचाही ताबा घेणारा. वजिराचा निकाल लागतो, तरी हा आतला उरतोच. त्याच्यावर कितीही वार करा, तो संपत नाही. त्याच्याकडे पाठ फिरवून उजेडाकडे निघून जावं लागतं.

इथे मला १९८९ ची सावली आठवली. सोळा वर्षांनी, दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या माणसांनी बनवलेल्या गेममध्ये तोच प्रश्न आणि त्याच जातीचं उत्तर होतं. नुसता २००५ चा भाग खेळणाऱ्याला हे दिसणार नाही. त्याला वाटेल, शेवटची लढत जरा वेगळी केली आहे, बस. ज्याने आरशातून ती पहिली उडी मारली आहे, त्यालाच कळतं की इतक्या वर्षांनी आपण पुन्हा त्याच ठिकाणी येऊन उभे आहोत. मालिका पहिल्यापासून खेळण्याचं माझ्याकडे याहून मोठं कारण नाही.

जानेवारी २०२४ मध्ये आलेला ‘द लॉस्ट क्राउन’ पुन्हा कडेने दिसणाऱ्या जुन्या रचनेकडे गेला. नायक राजपुत्र नाही, सारगोन नावाचा योद्धा आहे, सीमुर्ग पक्षी आहे, काफ पर्वत आहे आणि सगळे संवाद फारसीत ऐकायची सोय आहे. पर्शियाच्या नावाने चाललेल्या मालिकेत फारसी बोलली जायला पस्तीस वर्षं लागली. मराठी ऐकायला आपल्याला किती थांबावं लागेल, हा प्रश्न मी पुण्याला विचारते, कारण पुणे आता गेम बनवणारं शहर आहे. ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्याने घडवण्याचं काम २०२० मध्ये युबिसॉफ्ट कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. पहिली झलक लोकांना रुचली नाही आणि २०२२ मध्ये ते काम कॅनडातल्या माँट्रिअलला गेलं. पण त्याच २०२० मध्ये पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा चमूचा ‘राजी’ आला. सर्कशीत वाढलेली मुलगी, असुरांनी पळवलेला तिचा भाऊ गोलू, गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू, मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या खेळासारखे. माझ्या वर्गातल्या मुलींना तो फार भावतो. एका गेमने मालिका होत नाही, पण सुरुवात झाली आहे.

आता दुसरी मालिका. आम्हा मुळशीकरांचं तिच्याशी वेगळंच नातं आहे. ‘अनचार्टेड’चा पहिला भाग २००७ चा, मग २००९, २०११ आणि २०१६. हे चारही नेथन ड्रेक या खजिना शोधणाऱ्याचे. पाचवा, २०१७ चा ‘द लॉस्ट लेगसी’, घडतो आपल्या पश्चिम घाटात. लाल माती, ओढ्यातून जाणारी जीप, दाट झाडी, कड्यांवरून कोसळणारं पाणी. बाहेर ताम्हिणी घाटाचा पाऊस लागलेला असताना मी तो खेळले, तेव्हा खिडकीत आणि पडद्यावर एकच हिरवा रंग होता. होयसळांच्या हरवलेल्या नगरीत गणपतीचा दात शोधायचा आहे. नायिका क्लोई फ्रेझर, तिचे वडील भारतीय. जोडीला नदीन रॉस. क्लोई दुसऱ्या भागात भेटलेली असते आणि तिथे तिच्यावर कुणाचाच भरवसा नसतो. नदीन चौथ्या भागात तर विरुद्ध बाजूची. चारही भाग खेळून आलेला माणूस या दोघींना एका जीपमध्ये बघतो तेव्हा तो आधीच सावध असतो, आणि त्या एकमेकींना हळूहळू ओळखू लागतात ते त्याला मोलाचं वाटतं. थेट पाचवा भाग उघडणाऱ्याला त्या फक्त दोन बायका दिसतील.

त्यात एका जागी क्लोई नदीनला एकदंताची कथा सांगते. परशुरामाने परशू फेकला, तो आपल्या पित्याने दिलेला आहे हे गणपतीने ओळखलं आणि तो वार दातावर झेलला. माझ्या वर्गातल्या मुलांना एकदंत हे नाव आरतीइतकं पाठ, पण दात का तुटला हे बहुतेकांना गेममधून कळलं. चिपळूणचं परशुरामाचं देऊळ आमच्यापासून घाट उतरलं की फार लांब नाही. एक मुलगा सुट्टीत आईवडिलांना घेऊन तिथे जाऊन आला. खऱ्या होयसळांची बेलूर, हळेबीड ही ठाणी कर्नाटकात हासन जिल्ह्यात, घाटाच्या पूर्वेला आहेत. गेमने नगरी डोंगरात नेऊन ठेवली आहे. मी मुलांना नकाशा उघडून दोन्ही दाखवते.

पालकांचा पहिला आक्षेप वेळेचा असतो. ‘सँड्स ऑफ टाइम’ रोज तासभर खेळला तर दोन-तीन आठवड्यांत संपतो. संपतो, हे महत्त्वाचं. त्यानंतर मूल मोकळं होतं, त्याविषयी बोलतं, पुढचा भाग केव्हा सुरू करायचा ते ठरवतं. दुसरा आक्षेप पैशांचा. जुने भाग सवलतीच्या दिवसांत अगदी स्वस्तात मिळतात, साध्या लॅपटॉपवर चालतात आणि एकदा घेतले की पुन्हा पैसे मागत नाहीत. अनचार्टेडची अख्खी मालिका खेळायला मात्र प्लेस्टेशन लागतो. तो प्रत्येक घरात नसणार, म्हणूनच मी प्रिन्स आधी सांगते.

आणि एक आमच्या भागापुरतं. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याला उतरून गेली कित्येक दशकं वीज देतं. त्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ला इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, गावं मात्र बुडालीच. तरी आजही पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते, आणि ताम्हिणीकडे सरकावं तसं मोबाइलचं नेटवर्क नाहीसं होतं. ऑनलाइन गेम तिथेच बंद पडतो आणि मूल चिडचिड करत बसतं. प्रिन्स पहिल्यांदा उघडला तेव्हा माझा भाचा म्हणाला होता, ‘मावशी, ह्यात ऑनलाइन कुणी नाही का?’ मी म्हटलं, नाही, तू आहेस आणि ज्याने बनवला तो आहे. वीज गेली की सेव्ह केलेल्या जागेवर गेम थांबून राहतो. वीज आली की तिथूनच पुढे. नववीतल्या त्या मुलाने एका पावसाळ्यात पहिला आणि दुसरा प्रिन्स संपवला आणि ‘सँड्स ऑफ टाइम’ही संपवला. आता मोबाइलवरचा गेम त्याने सोडलेला नाही, पण तो स्वतःहून खाली ठेवतो.

तालुक्यातल्या ग्रंथालयांना माझं एक मागणं आहे. वाचनालयात एक जुना संगणक ठेवा, त्यावर अशी एक मालिका घाला, मुलांची नावं वहीत लिहून पाळ्या लावा. कादंबरीचे भाग जसे क्रमाने देता, तसे हेही द्या. मांडणीपासून जोडणीपर्यंत जी मदत लागेल ती माझ्या वर्गातली मुलं विनामूल्य करतील.

आणि घरच्यांनी वाट बघू नये. मेकनरची मूळ आज्ञावली असलेल्या फ्लॉपी वडिलांच्या घरी सापडल्या, आणि २०१२ मध्ये त्याने ती सगळ्यांसाठी खुली केली. आजच्या कुठल्याही संगणकावर तो गेम चालवता येतो. त्याचं घड्याळ ६० मिनिटांचं आहे. येत्या रविवारी मुलाशेजारी खुर्ची ओढून बसा, आणि आरसा येईपर्यंत उठू नका.